शेडर कंपाइल होता होता रिफंडची मुदत संपली: ३,९९९ रुपयांच्या गेमची केस

पार्श्वभूमी

ही केस माझ्या मावसभावाची. त्याला इथे बंड्या म्हणतो, खरं नाव वेगळंय. वय २४, नाशिकला राहतो, सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर पार्ट मोजायचे आणि मापात नसले की लाल टॅग लावून बाजूला ठेवायचे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारंय.

गेमचं आणि स्टोअरचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण शेवटी जे ठरलं ते दोघांनी मान्य केलंय आणि आता त्यांना झोडपून मला काही मिळायचं नाही. पीसी गेम होता, डिजिटल, डिस्क वगैरे काही नाही. डिलक्स एडिशन ३,९९९ ला, त्यात मूळ गेम २,९९९ चा आणि वरच्या १,००० रुपयात कपडे, दोन तलवारी आणि एक घोडा. हो, घोड्याचे पैसे. महिनाभर आधी प्री-ऑर्डर केली, वडिलांच्या क्रेडिट कार्डवरून, आणि मावशीला सांगितलं की ऑफिसचं सॉफ्टवेअर आहे.

स्टोअरचा रिफंडचा नियम बऱ्याच मोठ्या स्टोअरचा असतो तसाच: ठराविक दिवसांच्या आत मागा आणि गेम २ तासांपेक्षा कमी चाललेला असला पाहिजे. कारण विचारतात पण या हद्दीत असाल तर कारण काहीही चालतं. बंड्याने याआधी दोनदा असे पैसे परत घेतले होते, दोन्ही वेळा आठवड्यात आले, त्यामुळे तो एकदम बिनधास्त होता.

झालं काय

गणपतीच्या आठवड्यात गेम रिलीज झाला. रात्री साडेदहाला याने उघडला तर पहिल्याच स्क्रीनवर "शेडर कंपाइल होत आहेत, कृपया थांबा". ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गेममधले उजेड, सावल्या, पाणी, धूर हे सगळं दाखवायला जे छोटे छोटे प्रोग्राम लागतात ते तुमच्या ग्राफिक्स कार्डाला समजतील असे करून घ्यावे लागतात आणि हल्लीचे बरेच पीसी गेम हे काम सुरुवातीलाच उरकतात. पाच-दहा मिनिटं लागली तर कोणी काही म्हणत नाही. इथे ४० मिनिटांनी ८३ टक्क्यांवर गेला आणि गेम बंद पडला. परत उघडला तर परत शून्यापासून. दुसऱ्यांदा ५० मिनिटं लागली पण पूर्ण झालं, मग खेळायला लागला तर बारा मिनिटात परत डेस्कटॉपवर.

आणि स्टोअरचं घड्याळ चालूच. गेमची खिडकी उघडी म्हणजे तुम्ही खेळताय, असा त्याचा हिशोब. शेडर कंपाइल होताना बंड्या खाली जाऊन आरतीची भांडी विसळून आला, तेवढा वेळही "खेळण्यात" धरला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने पब्लिशरच्या सपोर्टला लिहिलं. त्यांनी नेहमीची यादी पाठवली, ड्रायव्हर अपडेट करा, फाइल्स तपासून घ्या, सेटिंग कमी करून पाहा, पुन्हा इन्स्टॉल करा. हा शहाणा मुलगा, सगळं केलं, आणि प्रत्येक वेळी गेम उघडून पाहिला. घड्याळ परत पुढे. शेवटी स्टोअरवर दिसत होतं २ तास ५१ मिनिटं. त्यात खरंखुरं खेळणं किती, तर ३४ मिनिटं, बाकी सगळं वाट बघणं. क्रॅश ११.

मग त्याने रिफंड मागितला आणि इथे पहिली मोठी चूक केली. फॉर्ममध्ये कारण निवडायचं होतं, यादीत "तांत्रिक अडचण" पण होतं, पण ते निवडलं की आधी सपोर्टकडे पाठवतात हे त्याला माहीत होतं आणि सपोर्टला तो कंटाळला होता, म्हणून त्याने निवडलं "गेम आवडला नाही". आधीच्या दोन वेळी हेच चाललं होतं ना. अर्ध्या दिवसात नकार आला, वेळेची मर्यादा ओलांडली आहे. मग परत मागितला, परत नकार, शब्दन् शब्द तोच, म्हणजे माणसाने वाचलंही नसणार.

कुठे अडलं होतं

गौरीजेवणाला सगळे मावशीकडे जमलो होतो तेव्हा हे मला कळलं. मी एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करतो, वकील नाही, पण फ्रिजची एक केस मी स्वतः जिल्हा ग्राहक आयोगात लढवलीये त्यामुळे घरात असल्या भानगडी माझ्याकडे येतात. मी म्हटलं दाखव काय लिहिलंयस ते. ते "गेम आवडला नाही" बघून मी कपाळाला हात लावला.

जेवायला वडिलांचे एक जुने मित्रही होते, ग्राहक पंचायतीत बरीच वर्षं काम केलेले. काकांना गेम म्हणजे काय हे पत्त्यांपलीकडे माहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुरणपोळीवर तूप घेतलं, आणि बंड्याला विचारलं, "बाळा, तू कंपनीत पार्ट रिजेक्ट करतोस तेव्हा कागदावर काय लिहितोस? पार्ट आवडला नाही, असं लिहितोस का?"

बंड्या गप्प.

"माप लिहितोस ना? किती हवं होतं आणि किती आलं. मग इथे पण तेच लिही."

सगळी केस या एका वाक्यात होती खरं तर. स्टोअरचा २ तासांचा नियम हा मन बदललेल्या गिऱ्हाइकासाठी आहे, दुकानदाराने स्वतःहून दिलेली सवलत, तिच्या अटी तो ठरवणार. सदोष माल परत घेणं ही सवलत नाही, तो कायद्याचा भाग आहे आणि त्याला २ तासांचं कुंपण नाही. बंड्या सवलतीच्या खिडकीवर उभं राहून हक्क मागत होता आणि खिडकीवरचा माणूस, खरं तर मशीन, बरोबरच सांगत होतं की तुमची वेळ संपली.

कायद्यात काय सापडलं

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि त्याखाली २०२० साली ई-कॉमर्सचे नियम आले. या नियमांत सुरुवातीलाच लिहिलंय की डिजिटल नेटवर्कवरून विकलेल्या सगळ्या मालाला आणि सेवांना ते लागू, डिजिटल प्रॉडक्टसकट. दुसरं, कंपनी भारतात स्थापन झालेली नसली तरी इथल्या ग्राहकांना नियमितपणे विकत असेल तर तिलाही लागू. तिसरं आणि सगळ्यात कामाचं, माल सदोष असेल, सेवेत उणीव असेल किंवा जाहिरातीत सांगितलं तसं नसेल तर विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. शिवाय तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं.

एक गंमत सांगतो. कायद्यात "प्रॉडक्ट"ची जी व्याख्या आहे ती म्हणते की ते वायू, द्रव किंवा घन रूपात असू शकतं. आता डाउनलोड केलेला गेम यातलं काय? आम्ही दोघं यावर अर्धा तास हसलो पण समोरचा वकील यावर हसणार नाही, वाद घालेल. त्यात सगळ्या स्टोअरच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की गेम विकलेला नाही, फक्त वापरायचं लायसन्स दिलंय. सुप्रीम कोर्टाने २००४ साली टीसीएसच्या केसमध्ये तयार पॅकबंद सॉफ्टवेअरला माल म्हटलंय खरं, पण ती विक्रीकराची केस आणि तिथे सॉफ्टवेअर डिस्कवर होतं. म्हणून आम्ही ठरवलं की माल की सेवा या भांडणात पडायचंच नाही, सगळीकडे "सदोष माल आणि/किंवा सेवेतील उणीव" असं लिहायचं. नियमात दोन्ही शब्द आहेतच.

परदेशी कंपनी म्हणून हात झटकता येतील का, ही भीती होती. तेव्हा ऑस्ट्रेलियाची केस वाचली. तिथल्या ग्राहक आयोगाने वॉल्व्हवर, म्हणजे स्टीमच्या कंपनीवर, केस केली होती आणि २०१६ साली तिथल्या फेडरल कोर्टाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, कारण अटींमध्ये रिफंड मिळणार नाही असं लिहून ग्राहकांची दिशाभूल केली होती, कंपनी अमेरिकेची असली तरी ऑस्ट्रेलियात विकते म्हणजे तिथला कायदा लागू. आपल्याकडे तो निकाल बांधील नाही पण बंड्याला धीर आला. आपल्याकडचा पुरावा मात्र अगदी घरगुती निघाला आणि माझ्या धंद्यातला: बिल. ३,९९९ मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला, म्हणजे ६१० रुपये. भारताचा टॅक्स भरताय, रुपयात किंमत लावताय, म्हणजे भारतात दुकान मांडलेलंच आहे की.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, पॅचची, म्हणजे गेममधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या अपडेटची, वाट बघायची. पब्लिशरने रिलीजनंतर दोनच दिवसांत जाहीर माफी मागितली होती की पीसीवर क्रॅश होतोय, आम्ही काम करतोय. हे काही नवीन नाही, सायबरपंक २०७७ आठवत असेल, डिसेंबर २०२० मध्ये आला आणि जुन्या कन्सोलवर इतका वाईट चालत होता की आठवड्याभरात सोनीने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत दिले, जून २०२१ मध्ये परत ठेवला. पुढे तो गेम सुधारला, लोक आज आवडीने खेळतात. बंड्याचं मन इथेच घुटमळत होतं कारण गेम त्याला हवा होता. पण महिने जाणार, आणि थांबलात की तुम्ही माल स्वीकारला असा अर्थ समोरचा लावणार.

दुसरा, क्रेडिट कार्डाच्या बँकेला सांगून चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचा व्यवहारच उलटवून पैसे परत घ्यायचे. वडिलांचा कौल याला होता, बँकेला फोन करा आणि मोकळे व्हा. ऐकायला सोपंय, पण चार्जबॅक केला की बरीच स्टोअर सरळ अकाउंट लॉक करतात, आणि बंड्याच्या अकाउंटवर दहावीपासून जमवलेले ७० च्या वर गेम. चार हजारासाठी ते पणाला लावायचे का. त्यात फॉर्मवर "आवडला नाही" लिहिलेलं असताना बँकेने तरी काय ऐकलं असतं कोण जाणे. हा पर्याय आम्ही शेवटी ठेवला.

तिसरा, १९१५ ची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट, मराठीत बोलता येतं. पण ते कोर्ट नाही, कंपनीला तक्रार पोचवतात आणि मध्यस्थी करतात.

चौथा, जिल्हा आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथेच दाखल करता येते, म्हणजे नाशिकलाच. अटींमध्ये लवाद परदेशात होईल वगैरे लिहिलेलं असतं त्याला फार घाबरायचं कारण नाही, सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या एम्मार केसमध्ये सांगितलंय की लवादाचं कलम असलं तरी ग्राहक मंचाचं दार बंद होत नाही. अडचण वेळेची. कायद्यात निकालाला ३ महिने आणि वस्तू तपासायला लागली तर ५, पण माझ्या फ्रिजला दीड वर्ष गेलं. मुदत मात्र २ वर्षांची असते त्यामुळे घाई नव्हती.

सोडून देणे हाही पर्याय होताच, मावशीचा तोच सल्ला होता. तोपर्यंत तिला "ऑफिसच्या सॉफ्टवेअर"चं कळलं होतं.

आम्ही काय केलं

आधी पुरावा. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाची गोष्ट असते, फार कोणाला माहीत नसते, त्यात दिवसवार कॅलेंडरसारखं दिसतं आणि जो प्रोग्राम कोसळला त्याच्या तारखेखाली लाल फुली. बंड्याने उघडलं तर रिलीजच्या दिवसापासून तीन दिवस लाल फुल्या आणि त्याआधी महिनाभर एकही नाही. म्हणजे लॅपटॉप खराब आहे असं म्हणायची सोयच राहिली नाही. इव्हेंट व्ह्यूअरमधून प्रत्येक क्रॅशची वेळ काढली, ११ नोंदी, प्रत्येकीत गेमच्याच फाइलचं नाव. तो तक्ता बंड्याने असा काय बनवला, अगदी कंपनीच्या इन्स्पेक्शन रिपोर्टसारखा: तारीख, वेळ, किती मिनिटं चालला, कुठे बंद पडला. एका रकान्याचं नाव "अपेक्षित", दुसऱ्याचं "प्रत्यक्ष". काकांचं पुरणपोळीवरचं वाक्य जसंच्या तसं.

त्याच्यासोबत स्टोअरच्या पेजचा स्क्रीनशॉट, कुठलं ग्राफिक्स कार्ड आणि किती रॅम हवी ते, बाजूला बंड्याच्या लॅपटॉपची माहिती, सगळ्यात बरोबरी किंवा वरचढ. पब्लिशरची माफी. आणि सपोर्टचा तो मेल ज्यात पुन्हा पुन्हा उघडून पाहा असं सांगितलं होतं. हा शेवटचा कागद माझ्या मते सगळ्यात भारी होता, कारण २ तासांच्या वरचा वेळ बराचसा त्यांच्याच सांगण्यावरून गेला होता.

मग स्टोअरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. त्यांचा पत्ता शोधायला वीस मिनिटं लागली, पेजच्या तळाशी, अटींच्या आत, बारीक अक्षरात. मेल इंग्लिशमध्ये गेला, मराठीत सांगायचं तर सुरुवात अशी: "मी आपल्या ऐच्छिक रिफंड योजनेखाली अर्ज करत नसून सदोष डिजिटल उत्पादनाबाबत तक्रार करत आहे. आधीच्या अर्जात मी चुकीचं कारण निवडलं होतं, खरं कारण सोबतच्या तक्त्यात आहे." चूक स्वतःच कबूल करायची की नाही यावर आमचं वाजलं. बंड्या म्हणे कशाला आपणच दाखवायचं. मी म्हटलं त्यांच्याकडे आहेच ते, आपण नाही बोललो तर तेच पहिलं वाक्य असेल त्यांचं. मागणी स्पष्ट लिहिली, ३,९९९ मूळ कार्डावर, ३० दिवसांत, नाहीतर जिल्हा आयोग.

पोच ४८ तासांच्या आत आली, पण ती नुसती मशीनची. पोच मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी १९१५ वर पण नोंदवली आणि तो डॉकेट नंबर त्याच मेलच्या साखळीत टाकला. तिकडे मी ई-जागृतीवर तक्रारीचा मसुदा करून ठेवला, दाखल केला नाही.

निकाल

मेल पाठवल्यापासून चौदाव्या दिवशी पहिल्यांदा माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. दोष मान्य वगैरे काही नाही, "सद्भावना म्हणून" पूर्ण ३,९९९ स्टोअरच्या वॉलेटमध्ये देतो म्हणाले. बंड्या लगेच तयार. मी अडवला, कारण वॉलेट म्हणजे पैसे त्यांच्याच गल्ल्यात, फक्त खण बदलला. शिवाय पैसे वडिलांच्या कार्डाचे आणि वॉलेट बंड्याचं, म्हणजे घरात वेगळीच केस उभी राहिली असती.

कार्डावरच हवेत असं कळवलं. आठवडाभर शांतता, मग नवी ऑफर: मूळ गेमचे २,९९९ कार्डावर आणि डिलक्सचे १,००० वॉलेटमध्ये, कारण त्या वस्तू "वापरल्या गेल्या". ज्या गेममध्ये घोड्यापर्यंत पोचलाच नाही तो घोडा वापरला कसा. माझं मत आयोगात जावं असं होतं, पण पैसे आणि डोकेदुखी बंड्याची होती, कंपनीत ऑडिट आलं होतं, त्याने हो म्हटलं. "यापुढे काही मागणी नाही" असं लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात २,९९९ कार्डावर जमा झाले.

काय वेगळं करता आलं असतं

रिफंडचं कारण निवडायचा तो ड्रॉपडाउन तर झालाच. पण माझ्या मते त्याहून आधीचा क्षण महत्त्वाचा होता: पहिल्या क्रॅशनंतर, घड्याळात ४० मिनिटं असताना. तेव्हाच थांबून रिफंड मागितला असता तर ही केसच झाली नसती. सपोर्टचं ऐकून प्रयोग करत बसायचं असेल तर आधी रिफंडचा अर्ज टाकायचा, मग प्रयोग. हे मला आता सुचतंय, त्या रात्री मला विचारलं असतं तर मीही "अरे परत उघडून बघ" असंच म्हटलं असतं.

प्री-ऑर्डरबद्दल मी काही बोलत नाही, बंड्या चिडतो. डिजिटल वस्तूचा स्टॉक संपत नाही एवढंच.

माझी स्वतःची चूक पण आहे. मेलमध्ये मी फक्त परतावा मागितला, त्रासाची भरपाई मागितलीच नाही. ५,००० मागितले असते तर तडजोडीत सोडायला काहीतरी हातात असतं आणि ते १,००० कार्डावर आणता आले असते बहुतेक. भाजी घेतानासुद्धा आपण आधी कमी भाव सांगतो, इथे मी नेमका आकडा सांगून बसलो. आणि हेल्पलाइनचा खरंच किती उपयोग झाला ते सांगता येत नाही, मशीनऐवजी माणूस आला तो तक्त्यामुळे की डॉकेट नंबरमुळे, कोणी कळवत नाही. तडजोड झाल्यामुळे डाउनलोड केलेला गेम माल की सेवा यावर आमच्यापुरता निकालही लागला नाही, वायू द्रव घन तसंच राहिलं.

नंतर

मजा म्हणजे वाटाघाटी चालू असतानाच मोठा पॅच आला होता आणि गेम व्यवस्थित चालायला लागला होता. डिसेंबरच्या सेलमध्ये साधी एडिशन १,४९९ ला लागली. वॉलेटमध्ये १,००० पडून होतेच, वर ४९९ टाकून बंड्याने तोच गेम परत घेतला, यावेळी स्वतःच्या यूपीआयवरून. शेडर सहा मिनिटांत कंपाइल झाले. मला त्याचा व्हिडिओ पाठवला, कारण यावेळी त्याने गेम उघडायच्या आधी स्क्रीन रेकॉर्डिंग चालू केलं होतं.